किल्ली घेण्याआधी घंटी बंद

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळात मी 'कॉम्प्युटरवाल्या मीनाताई' म्हणून प्रसिद्ध आहे. गणपतीत स्पीकर खरखरला की मला हाक येते. कोणाचा प्रिंटर कागद गिळून बसला की मला फोन येतो. अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीत तर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला एकदा मायक्रोवेव्ह बघायला बोलावलं होतं. मी गेलेही. प्लग सैल होता. तेव्हापासून माझ्या ज्ञानाबद्दल इमारतीत कोणालाही शंका नाही.

एका हळदीकुंकवात कोणीतरी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता हो?" मी म्हटलं, "ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये काम करते." त्यावर एक बाई आदराने म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे मिलिटरीत?" तेव्हा मी तीळगूळ तोंडात टाकून विषय बदलला होता. यंदा निवृत्त झाले आणि मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी तोच प्रश्न लेखी विचारला. आता सुटका नाही.

तर ऐका. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्रॅम. बाकीच्या प्रोग्रॅमना कामं वाटून देणारा, आणि एक जरी नीट वागला नाही तर सगळ्यांना घेऊन बुडणारा. कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचा कर्नलमध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी एकवीस वर्षं हे दुभाषे लिहिले. त्यातही माझा खास प्रांत म्हणजे जी यंत्रं मुळात अस्तित्वातच नाहीत त्यांचे दुभाषे. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "नसलेल्या यंत्रांशी बोलायचे पगार मिळतात?" मिळतात. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीला निम्मं काम त्याचंच होतं.

त्याचं कारण समजायला सालिम अर्बाबची खुबूसची फॅक्टरी बघायला हवी. अर्बाब म्हणजे इकडे मालक. खुबूस म्हणजे इथली पातळ, फुगणारी रोटी. आखातात एक महिना काढलेल्या माणसालाही ती सांगावी लागत नाही. फॅक्टरीत भट्टीतून एक लांब पट्टा फिरतो आणि त्यावरून खुबूस टम्म फुगून बाहेर येतात. या सगळ्यावर एका फार जुन्या कॉम्प्युटरची देखरेख होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं: भट्टीची उष्णता, पट्ट्याचा वेग, आजचे नग. कॉम्प्युटर मरायला टेकला होता. त्याच्या आत एक कार्ड होतं, भट्टीच्या सगळ्या तारा त्या कार्डात यायच्या, आणि तसलं कार्ड जगात कुठेही मिळत नव्हतं. आम्ही अर्बाबना नवा रंगीत पडदा दाखवला. बोटाने दाबायचा, चित्रांचा. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि त्यांच्या आखाती हिंदीत म्हणाले, "ये टीव्ही है. मेरेको मशीन मंगता."

मग आम्ही एका नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवला आणि त्याच्या आत एक खोटं कार्ड. खोटं म्हणजे निव्वळ प्रोग्रॅमने रचलेलं. जुन्या सॉफ्टवेअरला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही की आपण नव्या घरात राहायला आलो आहोत. पहिल्या दिवशी अर्बाब आले, दोन कळा दाबल्या, हिरवी अक्षरं हलली. ते म्हणाले, "हाँ. ये मेरेको पेहचानता है." मला कंपनीने पुढे एकदा काचेचं स्मृतिचिन्ह दिलं, ते कपाटावर धूळ खातं आहे. हे वाक्य मात्र मी अजून ज्याला त्याला ऐकवते.

त्या दिवसाची दुसरी आठवण एवढी मानाची नाही. अर्बाबनी स्वतः कहवा, म्हणजे इथली वेलचीची कोरी कॉफी, आणला. बिनकानाचा इवलासा पेला, त्याला फिंजान म्हणतात. मी प्यायले, त्यांनी पुन्हा ओतला. मी प्यायले, पुन्हा ओतला. पाहुण्याने नाही कसं म्हणायचं? पुण्याचं वळण, समोर वाढलेलं टाकायचं नाही. नवव्या पेल्याला माझे कान गरम झाले. तेवढ्यात भट्टीमागून आवाज आला, "बाय, पेला हालव! हालव पेला!" बघते तर भट्टीवरचे इब्राहिमचाचा. दापोलीकडचे, तीस वर्षं त्याच भट्टीपाशी उभे. मी पेला डावी-उजवीकडे हलवला आणि अर्बाबनी लगेच सुरई खाली ठेवली. पेला हलवला म्हणजे पुरे, हा इथला रिवाज. तो हलवेपर्यंत यजमान ओतत राहणार, त्यात त्यांची चूक काही नाही. चाचा हसून हसून भट्टीला टेकायचे बाकी राहिले होते.

ही गंमत मी उगीच सांगत नाही. माझ्या धंद्याचा एक नियम हाच आहे. यंत्राला कॉम्प्युटरला काही सांगायचं असलं की ते घंटी वाजवतं. तिला इंटरप्ट म्हणतात. कॉम्प्युटर हातातलं काम जिथल्या तिथे सोडून दारावर जातो, निरोप घेतो, परत येऊन काम पुढे चालू करतो. निरोप मिळाला हे यंत्राला कळवावं लागतं. नाही कळवलं तर ते वाजवतच राहतं, आणि कॉम्प्युटरचा सगळा जन्म दार उघडण्यात जातो. नव्या मुलांना हा नियम मी पुस्तकातून कधी शिकवला नाही. कहवा पाजून शिकवला.

दुसरा नियम, दारावर रेंगाळायचं नाही. कढई गॅसवर आहे, घंटी वाजली, पार्सल आलं, तर पार्सल फळीवर ठेवून परत यायचं. दारातच ते उघडून आतलं कपाट जोडायला बसायचं नाही.

आणि तिसरा नियम, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले. तो मात्र जरा सावकाश वाचा.

घरात एक वही आहे, कुलपात ठेवलेली. किल्ली एकच. एक जण वाचत असताना दुसऱ्याने तीत खाडाखोड करू नये म्हणून ही सोय. घरात चार माणसं असली तर अडचण नाही. मी वही वाचते आहे, घंटी वाजली, दुसऱ्याने दार उघडलं, त्याला निरोप वहीत लिहायचा आहे. तो क्षणभर थांबेल, माझं वाचून झालं की किल्ली घेईल. आता घरात मी एकटीच आहे असं समजा. वही उघडी, किल्ली माझ्या कमरेला, घंटी वाजते आणि मीच उठून दारात जाते. नियम असा की निरोप वहीत लिहिल्याशिवाय दारातून मागे फिरायचं नाही. वहीसाठी किल्ली हवी. किल्ली कोणाकडे? वही वाचणाऱ्या बाईकडे. ती कधी सोडेल? वाचून झाल्यावर. वाचून कधी होईल? दारावरून परत आल्यावर. म्हणजे मी दारात उभी राहून स्वतःचीच वाट बघते आहे, आणि ती कधी येणार नाही. कॉम्प्युटर हँग झाला म्हणतात, त्यातली एक जात ही.

यावर उपाय साधा आहे. किल्ली हातात घेण्याआधी घंटी बंद करायची, वाचून झालं की चालू करायची. मधल्या क्षणात कोणी वाजवलीच तर ती वाया जात नाही, लक्षात ठेवली जाते. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत कागद लावला होता: 'किल्ली घेण्याआधी घंटी बंद'. खाली इंग्रजी, त्याखाली अरबी. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी तो मोठ्याने वाचायला लावत असे. थोडी मिजास होती मला त्या कागदाची.

अरबी ओळ बुश्राने लिहून दिली होती. बुश्रा रुस्ताकची. मस्कतला शिकली, आणि एका वर्षाच्या करारावर आमच्याकडे आली. घरात इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. रोज घरून थर्मास भरून कहवा आणायची, सोबत खजूर. दहा वाजता माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून ओतायची आणि प्रश्न विचारायची. आमचं बोलणं इंग्रजीत, मधे तिची हिंदी, मधे माझं मोडकं अरबी. ते सगळं मी इथे मराठीत देते आहे. मी मुद्दाम पेला हलवायला उशीर करायची, म्हणजे तिला आणखी एखादा प्रश्न विचारता यावा. तिचे प्रश्न चांगले असायचे. कधीकधी तर मला दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर सुचायचं नाही, मग मी काहीतरी कामाचं निमित्त काढून उठायची.

एकदा तिने कहव्याचा आणखी एक रिवाज सांगितला. "मिस मीना, तुम्हाला हलवायचं माहीत आहे. न पिण्याचं माहीत आहे का?" तिचे आजोबा सांगत, ज्याला यजमानाकडे काही मागायचं असतं तो पेला घेतो आणि न पिता समोर ठेवतो. यजमान विचारतो, काय हवं? मागणी ऐकून घेतल्यावरच पाहुणा पितो. "आता असं कोणी करतं का?" मी विचारलं. "म्हातारे करतात. लग्नाची बोलणी असली की, नाहीतर कोणाची चूक पोटात घालायची असली की."

एका शनिवारी सुट्टीच्या दिवशी तिने मला रुस्ताकला घरीही नेलं होतं. तिच्या आईने मला निघताना एवढे खजूर दिले की नवरा म्हणाला, दुकान काढू या.

तर झालं असं. सालिम अर्बाबना पाकिटांवर लेबलं छापायचं नवं काम त्याच कॉम्प्युटरवर बसवायचं होतं. त्यासाठी जागा करायची म्हणजे आमच्या खोट्या कॉम्प्युटरला दिलेल्या चार प्रोसेसरांपैकी तीन काढून घ्यायचे. चार हातांऐवजी एक हात. कामाच्या मानाने एक भरपूर होता. बुश्राने मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "एकावर आणू का?" मी डबा उघडत होते, भेंडीची भाजी होती, तीही आठवते. मी म्हटलं, "आण की. यल्ला, करून टाक."

रविवारी तिने ते केलं. सोमवारी फॅक्टरीत हिरवी अक्षरं जागच्या जागी गोठली आणि पट्टा थांबला. सुरक्षेची कळ वेगळी असल्यामुळे गॅस आपोआप बंद झाला, पण आतले खुबूस करपले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चाललं. बुधवारी पुन्हा. गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, मागणी सगळ्यात जास्त असते, तेव्हा सकाळी दोनदा. अर्बाब भडकले. बुश्राला घेऊन मी धावत गेले, पाहिलं, नोंदी चाळल्या, आणि पुन्हा चार प्रोसेसर जोडले. त्यानंतर एकदाही थांबलं नाही.

आता मी केलं ते सांगते. मी मॅनेजर कृष्णनना मेल लिहिली: रविवारी बुश्राने प्रोसेसरची संख्या बदलली, त्यामुळे बिघाड झाला, मी पूर्ववत केलं, प्रश्न मिटला. तीन ओळी. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तिने मला विचारलं होतं हे त्यात नव्हतं. लिहिताना मला ते आठवलं नाही असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

रविवारी कृष्णननी आम्हा दोघींना बोलावलं. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक भडकलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. म्हणाले, "बुश्रा, न विचारता हात का लावलास?" ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आता ही सांगेल, अशा भरवशाने बघत होती. मी टेबलावरचा कागद सरळ करत होते. कृष्णन म्हणाले, अर्बाबनी निरोप धाडला आहे की ही मुलगी पुन्हा माझ्या फॅक्टरीत नको. आणि तिचा करार महिनाअखेर संपतो आहे, तेव्हा आता नवा करून देणं कठीण. ती "ओके सर" म्हणून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती खुर्ची ओढून बसली नाही. उभ्यानेच एक पेला ओतला, माझ्यासमोर ठेवला, थर्मासचं झाकण फिरवलं आणि निघून गेली. त्यानंतर रोज तेच. एक पेला, मग झाकण. मी हलवायचा प्रश्नच नव्हता.

त्या आठवड्यात मला एक गोष्ट खुपत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. नीट लिहिलेला ड्रायव्हर चार प्रोसेसरांवर चालतो तसाच एकावरही चालला पाहिजे. एकावर मरतो, याचा अर्थ संख्या बदलणाऱ्याची चूक नाही, लिहिणाऱ्याची आहे. हे मला कळत होतं. नवीन मुलाला मी हेच सुनावलं असतं. पण तो ड्रायव्हर मी लिहिला होता, नऊ वर्षं तो न कुरकुरता चालला होता, आणि भिंतीवर तो कागद होता.

पुढच्या आठवड्यात बिघाड मिटल्याच्या कागदावर सही घ्यायला फॅक्टरीत गेले. अर्बाब नव्हते. चाचांनी भट्टीतला गरम खुबूस कागदात गुंडाळून दिला, त्यात पनीर सारलेलं. म्हणाले, "ती रुस्ताकची पोरगी नाय आली? चांगली पोरगी. मना विचारीत होती, चाचा, हा कवा कवा मरतो."

चाचांच्या बोलीत ळ नाही, त्याचा ल होतो. मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगाचा तवा तुमी सगली निंगून गेलाव. बाय, मना यातला काय कलत नाय. पण मी 'आजचे नग' बघाला कल दाबतो, आणि वरतून खुबूस जोरात चाललेले असतात, तवाच मरतो. पट्टा रिकामा असंल तर शंबर वेला दाब. नाय मरत."

मी खुबूसचा घास तोंडात तसाच धरून उभी राहिले. नग बघायची कळ म्हणजे वही वाचणं. पट्ट्यावरून खुबूस गेला की घंटी. वही वाचताना घंटी. चाचांनी विचारलं, "करपला काय?" मी म्हटलं, "नाही चाचा, मीच करपले."

ऑफिसात येऊन फाइल उघडली. घंटीच्या बाजूची ओळ बरोबर होती. वही वाचण्याच्या बाजूला मी नऊ वर्षांपूर्वी साधी किल्ली घेतली होती, घंटी बंद न करता. एकच ओळ, शेजारी माझी आद्याक्षरं. इतकी वर्षं ती चालली, कारण घंटी मी पहिल्या प्रोसेसरला बांधून दिली होती आणि पडद्याचं काम दुसऱ्याला. दारात एक, वहीपाशी दुसरा, म्हणून कधी गाठ पडली नाही. तपासणीसुद्धा आम्ही कायम चारांवरच केली. बुश्राने एकावर आणलं आणि घरात बाई एकटी उरली. खात्रीसाठी मी खोटा कॉम्प्युटर एका प्रोसेसरवर चालवला, खोटे खुबूस सोडले आणि नग बघायची कळ एका प्रोग्रॅमकडून सारखी दाबून घेतली. चहा गार व्हायच्या आत तो मेला.

कृष्णनना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "मीना, ही दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये हळूच घाल. गिऱ्हाइकाला नऊ वर्षांचं कशाला सांगायचं? तुझं नाव खराब, कंपनीचं खराब. मुलगी हुशार आहे, तिला दुसरीकडे मिळेल. आणि आता अर्बाबच नको म्हणताहेत, मी तरी काय करू?"

मी म्हटलं, "अर्बाबना मी भेटते." ते म्हणाले, "मी पण येतो." मी म्हटलं, "या. बुश्राही येईल."

ती यायला तयार नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, ओळ दाखवली, भेंडीच्या भाजीसकट जेवणाच्या सुट्टीतलं सांगितलं. तिने ओळ वाचली. मग भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "मला वाटलं तुम्ही विसरलात," ती म्हणाली. मी म्हटलं, "विसरले नव्हते." हे सांगताना जेवढी लाज वाटली तेवढी पुढे अर्बाबसमोरही वाटली नाही.

अर्बाबची बैठक फॅक्टरीच्या कोपऱ्यातल्या खोलीत. काचेतून भट्टी दिसते. ते बुश्राकडे न बघता बसले. कृष्णननी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. कहवा आला, अर्बाबनी स्वतः माझ्या हातात पेला दिला. मी तो घेतला आणि न पिता समोर ठेवला.

बुश्राने झटकन मान वर केली. अर्बाब पेल्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. हिंदुस्थानी बाईला हे कोणी शिकवलं असा भाव होता. शेवटी म्हणाले, "क्या मंगता, बोलो."

मी सांगितलं. मला येणाऱ्या सगळ्या भाषा मिसळून सांगितलं. घर, वही, किल्ली, घंटी. चूक नऊ वर्षांपूर्वी मी केली. मुलीने मला विचारून बदल केला, मीच हो म्हटलं, आणि नंतर गप्प बसले. तिने हात लावला नसता तर ती चूक तुमच्या मशीनमध्ये तशीच बसून राहिली असती, कधीतरी भलत्या वेळी वर आली असती. कृष्णन माझ्या शेजारी चष्मा पुसत होते.

अर्बाब म्हणाले, "नौ साल?"

"नौ साल."

"नौ साल तुम मेरा खुबूस खाया."

"खाया," मी म्हटलं.

मग ते बुश्राकडे वळून अरबीत बोलले. तेवढं अरबी मला कळतं. "बिन्ती, पोरी, तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

ती म्हणाली, "ती मला शिकवते."

मी काचेतून भट्टीकडे बघायला लागले. डोळे भरून आले होते, आणि चाचा तिकडून मला हातवारे करून विचारत होते, काय झालं, काय झालं.

अर्बाबनी माझा गार पेला उचलून बाजूला ओतला, नवा भरला, पुढे केला. "पियो. खलास." म्हणजे झालं ते संपलं. आणि कृष्णनना म्हणाले, "माझ्या मशीनला आता ही मुलगी सोडून कोणी हात लावायचा नाही. ही मॅडम येईल. कहव्याला येईल." मी पेला प्यायले. दुसरा ओतला, तोही प्यायले. तिसऱ्याला हलवला.

करार झाला. दुरुस्ती मी बुश्राला करायला लावली. तिने ती ओळ बदलली, आणि उरलेली फाइल वाचून माझ्याच हातच्या तशाच आणखी दोन चुका काढल्या. प्रत्येक बदलासोबत कारण लिहायची आमची पद्धत आहे. तिने फक्त 'किल्ली घेण्याआधी घंटी बंद' एवढंच लिहिलं, अरबीत. कोणाची चूक, ते लिहिलं नाही. मी माझ्या तीन ओळींच्या मेलमध्ये तिचं नाव लिहिलं होतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ती माझ्याशी नीट बोलायची, कामात अडवायची नाही, रमजानमध्ये घरी इफ्तारला बोलवायची. पण दहा वाजता एकच पेला, आणि झाकण. मला वाटायचं, आज बसेल. मी खुर्ची जरा बाजूला सरकवून ठेवायची. ती पेला ठेवून जायची. मी काही म्हणायला गेले नाही. ज्याचा भरवसा आपण मोडला त्याच्याकडे तो परत कधी देतोस असं विचारता येत नाही.

या मार्चमध्ये माझा शेवटचा दिवस होता. केक झाला, भाषणं झाली, कृष्णननी माझ्याबद्दल इतकं चांगलं सांगितलं की मीच मागे वळून पाहिलं. चाचांनी फॅक्टरीतून टोपलीभर गरम खुबूस पाठवले होते. सगळे पांगल्यावर मी खोक्यात सामान भरत होते. भिंतीवरचा कागद काढायला हात लावला तर मागून बुश्रा म्हणाली, "तो राहू द्या. नवी मुलं येतील."

मग तिने खुर्ची ओढली. थर्मास उघडला, पेला भरून दिला. मी प्यायले. तिने पुन्हा ओतला. मी प्यायले. तिने आणखी एक ओतला. तिसरा संपला तेव्हा मी पेला हलवला.

तिने तो हलताना पाहिला, आणि पुन्हा ओतला.